ढोलीतलं सिमेंट

फांदी खोडाला चाटून कापायची नाही, हे हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी सांगतो. तिच्या मुळाशी फुगीर वळी असते, करवत तिच्या बाहेर. फांदी जड असेल तर अगोदर खालून खाच. नाहीतर साल सोलत येते.

चुकीच्या कापातून खोड कुजत जाऊन ढोली पडते. ओहायोतल्या जॉन डेव्हींनी 1901 मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ लिहिलं, त्या काळी ढोली खरवडून सिमेंट भरणं हाच उपचार. दाताच्या डॉक्टरची नक्कल! पुढे अमेरिकी वनखात्याच्या ॲलेक्स शायगोंनी खोडं उभी चिरून पाहिली. 1970 च्या दशकात त्यांनी दाखवलं, की झाड कुजका भाग आतून भिंती घालून कोंडतं. खरवडलं की नेमकी तीच भिंत फुटते. कापल्या जागी डांबर फासायचा असाच जुना हट्ट मात्र पुण्यात अजून आहे. गिऱ्हाईक त्याचेच पैसे खुशीनं देतं.