तेलाने माखलेला

‘गरिबांचा मसीहा’ हा मथळा आपल्या वर्तमानपत्रांना नवा नाही. तो वाचताना आपण तारणहार समजतो. हा शब्द आपल्यापर्यंत अरबी, फारसी, उर्दू अशा वाटेने आला. मूळ हिब्रू ‘माशिआख’चा अर्थ मात्र अगदी घरगुती आहे: तेल लावलेला. अर्पण करायच्या बेखमीर पापडीला तेल चोपडण्यासाठीही जुन्या करारात हाच धातू येतो.

आपल्याकडे अभिषेक म्हटला की पाणी आठवतं. प्राचीन इस्राएलात राजाच्या डोक्यावर ऑलिव्हचं तेल ओतत. शमुवेल संदेष्ट्याने शौलाला कुपीतल्या आणि दाविदाला शिंगातल्या तेलाने अभिषेक केला. पुढे शौल दाविदाच्या जिवावर उठला, तरी दाविदाने त्याच्यावर हात टाकला नाही. कारण तो देवाचा अभिषिक्त होता. यशयाच्या ग्रंथात तर परका, इराणी सम्राट कोरेशही ‘अभिषिक्त’ ठरतो. म्हणजे हा शब्द अजून कुणा एकाचा नव्हता.

यरुशलेमचं राज्य इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बुडालं आणि डोक्यावर तेल ओतावं असा राजाच उरला नाही. मग होऊन गेलेल्या राजांचा हा शब्द पुढे येणाऱ्याच्या आशेचा झाला. रोमन अमलाखाली बऱ्याच जणांना तो दाविदाच्या वंशातला विजयी राजा हवा होता. ग्रीकमध्ये ‘माशिआख’चं भाषांतर झालं ‘ख्रिस्तोस’. ‘ख्रिस्त’ हे येशूचं आडनाव नव्हे. ती पदवी आहे.

ख्रिस्ती विचाराने शब्द तोच ठेवला, अर्थ उलटा केला. कैसरिया फिलिप्पीजवळ शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि येशू लगेच स्वतःच्या दुःखसहनाबद्दल, मरणाबद्दल बोलू लागतो. पेत्राला ते सहन होत नाही. मला तर या शब्दाचा सगळा इतिहास त्या दोघांच्या वादातच दिसतो. मरण पत्करणारा मसीहा त्या काळच्या अपेक्षेत बसतच नव्हता.

मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या मस्तकावर खरोखरचं तेल पडतं ते बेथानीत, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी. ओतणारा ना संदेष्टा, ना याजक. एक स्त्री येते, कुपी फोडते. तेल जटामांसीचं, म्हणजे आपल्या हिमालयात उगवणाऱ्या वनस्पतीचं. किंमत तीनशे दिनारांहून जास्त, मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. जमलेले लोक चिडतात. येशू म्हणतो, तिने हे माझ्या दफनाच्या तयारीसाठी केलं.

मार्कने त्या स्त्रीचं नाव लिहिलेलं नाही.