कडेवरचं लेकरू

आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. त्या गर्दीत घरची म्हातारी एकच सांगते, लेकराचा हात सोडू नको. पण कडेवर मूल घेतलेली अनोळखी बाई दिसली, की आपण तिला सरकून जागा देतो. तिच्यावर कोण संशय घेणार?

ह्याच भरवशावर अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली, रेणुका शिंदे नि सीमा गावित, 1990 ते 1996 जगल्या. धंदा जत्रांत, देवळांत पाकिटं मारायचा. एकदा पुण्यात देवळात रेणुका सापडली. कडेवर तिचं स्वतःचं मूल होतं. लेकुरवाळी चोरी कशी करील, असं म्हणत लोकांनी सोडून दिली. तिथून ह्यांना युक्ती सुचली, दुसऱ्यांची मुलं उचलायची.

कुंभोजच्या बाहुबलीला गेलो की आपण बाया अंबाबाईच्या देवळातही जाऊन येतो. त्याच कोल्हापुरात सीमा पाकीट मारताना पकडली गेली. तेव्हा अंजनाबाईनं हातातलं पळवलेलं मूल जमिनीवर आपटलं. रक्त बघून लोक मुलाकडे धावले आणि ह्या निसटल्या. पोर रडायचं थांबेना, म्हणून पुढे त्याला मारूनच टाकलं. ते एका भिकारणीचं लेकरू होतं. अशा आईची तक्रार कोण लिहून घेतो हो?

सापडल्या त्या घरच्याच वैरापायी. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता. त्या घरची मुलगी ह्यांनी पळवून मारली. तिच्या आईला संशय कोणावर घ्यायचा ते ठाऊक होतं, आणि तिच्या तक्रारीवरून 1996 च्या अखेरीस तिघी पकडल्या गेल्या. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. गाड्या चालवणारा तोच, पण सुटला. अंजनाबाई निकालाआधीच कैदेत मेली.

13 मुलांचं अपहरण. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पण अर्ज सरकारदरबारी इतकी वर्षं पडून राहिला होता, की 18 जानेवारी 2022 ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या उशिरापायीच फाशीची जन्मठेप केली. माझ्या जावेला हे पटत नाही. मला फाशीपेक्षा ती भिकारीण आठवते. तिचं मूल हरवलं तेव्हा कोणी वेळेवर शोधलं असतं, तर बाकीची कितीतरी वाचली असती.