पेटीपर्यंतची वाट

मुलांच्या इस्पितळातली स्वयंसेवा म्हटली की खाटेशेजारी बसून गोष्ट सांगणारी, खडू-कागद वाटणारी, वॉर्डात वाढदिवस साजरा करणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. मोठ्या शहरांत हे चित्र खोटे नाही. गोंदियात मात्र ते बसत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या जवळपास सव्वातेरा लाख भरली. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हा पूर्व-दक्षिणेकडचा पट्टा जंगलाचा, गोंडांच्या वस्तीचा आणि बराचसा छत्तीसगडला लागून. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गोंदियाला आले ते २०१६ साली. त्याआधी अवघड रोगी नागपूरच्या मेडिकल कॉलेजला धाडायचा, हाच रिवाज. आजही गरिबाघरचे नवजात बाळ अडले तर त्याच्या लेखी मुलांचे इस्पितळ म्हणजे शहरातले बाई गंगाबाई महिला रुग्णालय आणि तिथली बाळाला उबेत ठेवणारी काचेची पेटी. या मुलखात आजारी मुलासाठी परक्या माणसाची मदत लागली, ती खाटेपाशी कमी आणि घर ते खाट या वाटेवर जास्त. ती वाट सांभाळणारे माणूस शिकवून, सामान देऊन, मोबदला देऊन उभे केले तेव्हा मुले वाचली. नुसत्या सेवाभावावर सोडले तेव्हा योजना वठली. गेल्या पन्नासेक वर्षांचा पुरावा हेच सांगतो.

खाटेशेजारच्या स्वयंसेवेचे मूळ मुळात वेगळ्या परिस्थितीत आहे. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट १८५२ साली उघडले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत युरोपातल्या बालरुग्णालयांनी शिस्त आणि संसर्गाची भीती या दोन कारणांनी आईबापांना बहुतांशी दाराबाहेर ठेवले. भेटीच्या वेळा ठरलेल्या, त्याही मोजक्या. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकात आईला मुलाबरोबर दाखल करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती नवलाई होती. ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने आईबापांना मुक्त प्रवेश द्या असे सांगितले ते १९५९ साली. आईला बाहेर ठेवल्यावर मुलाभोवती जी पोकळी झाली, ती भरायला खेळ आणि खेळणारी माणसे आली. आपल्या सरकारी वॉर्डांत अशी पोकळी फारशी झालीच नाही. इथे आई खाटेवर, आजी खाटेखाली, बाप व्हरांड्यात. परिचारिका कमी, म्हणून अंग पुसण्यापासून औषध आणण्यापर्यंतची निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. आपल्याकडच्या जुन्या सेवाकार्यालाही हे उमगलेले दिसते. रमाबाई रानडे इस्पितळातल्या रोग्यांना भेटायला जात, फळेफुले नेत. पण पुण्यात १९०९ साली त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनाचे भरीव काम ठरले ते बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचे. भेट देणारा हात पुरत नाही, शिकलेला हात लागतो, हा धडा महाराष्ट्रात तेव्हाच गिरवला गेला होता.

तो धडा सरकार विसरले १९७७ साली. जनता पक्षाच्या राजवटीत २ ऑक्टोबरला देशभर एक योजना सुरू झाली: दर हजार लोकांमागे गावातलाच एक माणूस निवडायचा, तीन महिने शिकवायचे आणि गावाचे आरोग्य त्याच्या हाती द्यायचे. शिकताना महिना २०० रुपये, नंतर महिना ५० रुपये मानधन आणि थोडी औषधे. कल्पना थोर होती. निवड आणि जोडणी कच्ची होती. गावाने निवडायचे म्हणजे गावच्या कारभाऱ्यांनी निवडायचे, आणि त्यांनी बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल न टाकता येणाऱ्या माणसाकडे नवजात बाळाची जबाबदारी गेली. ५० रुपयांत घर चालत नाही, त्यामुळे काहींनी डॉक्टरकी सुरू केली, बाकीच्यांनी नोकरीत कायम करण्याची मागणी लावून धरली. सरकारने उत्तरादाखल नावे बदलली: आधी आरोग्य कार्यकर्ता, मग स्वयंसेवक, १९८१पासून आरोग्य मार्गदर्शक. काम, सामान आणि वरच्या दवाखान्याशी असलेला संबंध मात्र होता तसाच राहिला. या माणसांची नियत खोटी होती असे म्हणायचे कारण नाही. त्यांनी पाठवलेला रोगी वर कोण पाहणार, याचे उत्तर व्यवस्थेकडे नव्हते, इतकेच.

उलट पुरावा मिळाला तो गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्यापुढचा एक मोठा प्रश्न मुलांच्या न्यूमोनियाचा होता. मिनिटाला श्वास किती, हे मोजता आले तर न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावातल्या कित्येक सुइणींना बारापुढे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधे यंत्र बनवले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी, शेवटचा लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. मोजणी न येणारी बाई मोजू लागली. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात न्यूमोनियाचे बालमृत्यू घटल्याचे दिसले. पुढे नवजात बाळांकडे लक्ष वळले. सर्चच्या पाहणीत असे आढळले की निम्म्याहून अधिक नवजात बाळांना उपचारांची गरज होती, पण शंभरात तिघांनाही कोणी वैद्य किंवा डॉक्टर पाहत नव्हता, आणि इस्पितळात दाखल झालेली बाळे तर हजारात चार. ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले: घरी जाऊन वजन घेणे, बाळ उबेत ठेवणे, जंतुदोष ओळखणे, वेळ पडली तर इंजेक्शन देणे. तुलनेसाठीच्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९च्या डिसेंबरात तो निबंध ‘लॅन्सेट’ने छापला. जी बाळे इस्पितळापर्यंत पोचतच नव्हती, त्यांच्यापर्यंत इस्पितळाचा काही भाग चालत गेला, असा त्याचा अर्थ.

गोंदियात ही रीत आली ती सरकारी वाटेने. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या आणि २०११ साली गडचिरोलीच्या धर्तीवर नवजात बाळाच्या घरभेटी त्यांच्या कामात आल्या. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. आधी हात धुवायचे, मग बाळाचे झबले वर करून पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तरी तेवढेच आले तर गाडी बोलवायची. हे मिनिट वाटते तेवढे सोपे नसते. बाहेर भाताची रोवणी चालू असते, बाळाची आजी बांधीत जायच्या घाईत असते, बाप पऱ्हे वाहत असतो, आणि अशा वेळी घर सोडून शहरात जाऊन राहणे म्हणजे हंगामाच्या मजुरीवर पाणी. आशाताईला तिथे नुसता आजार ओळखून भागत नाही. घरच्यांना तयार करावे लागते, कागद गोळा करावे लागतात, रात्री-अपरात्री सोबत जावे लागते. छत्तीसगडी किंवा गोंडी बोलणाऱ्या आईचे म्हणणे डॉक्टरांना आणि डॉक्टरांचे आईला सांगावे लागते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११पासून आजारी नवजात बाळाचे औषध, तपासण्या आणि वाहतूक फुकट केली खरी. पण फुकट गाडीत बसायला घर तयार होते ते ओळखीच्या माणसाच्या शब्दावर.

यावर पहिला आक्षेप असा की आता बाळंतपणे इस्पितळातच होतात, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, मग वाट उरली कुठे? वाट उरली ती परतीची. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते आणि बाळाच्या धोक्याचे दिवस पुष्कळसे घरीच जातात. कमी वजनाच्या बाळाला पेटीतून सुट्टी मिळाली म्हणजे ते धडधाकट झाले असे नव्हे. पुढचे काही आठवडे कोणीतरी वजन पाहत राहिले नाही तर पेटीतले श्रम वाया जातात. शिवाय या पेट्या असलेल्या नवजात कक्षाने एक जुनी अडचण नव्याने आणली आहे. साध्या वॉर्डात न झालेली ती पोकळी इथे झाली: बाळ काचेआड आणि आई दुसरीकडे. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या अशाच कक्षात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. गोंदिया ज्या जिल्ह्यातून निघाला तिथलीच ही घटना. अशा घटनेनंतर बाळाला आत सोपवताना खेड्यातल्या बापाचा हात कचरणारच. यावर उपायही या कक्षांच्या इतिहासातच आहे. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात २००३ साली जिल्हा पातळीवरचा असा कक्ष उभा राहिला तेव्हा भागातल्याच तरुण मुलींना शिकवून परिचारिकांच्या मदतीला घेतले होते. केंद्र सरकारने २०१७ साली आईबापांना हात धुण्यापासून शिकवून कक्षात बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घेण्याच्या सूचना काढल्या. इस्पितळाच्या आत स्वयंसेवेला जागा असेल तर ती इथे: दारावरच्या आईला आत जायला तयार करणारी, तिच्या बोलीत समजावणारी.

दुसरा आक्षेप मोबदल्याचा. पैसे घेतले की सेवा संपली, असे पुष्कळांना मनापासून वाटते. १९७७चा अनुभव नेमका उलटा आहे. बिनपैशाची सेवा परवडते ती ज्याच्या घरी चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते त्याला. रोवणीची मजुरी बुडवून सहा फेऱ्या मारणाऱ्या भूमिहीन बाईला ती परवडत नाही, आणि आजारी बाळाच्या घरात सहज जाऊ शकणारी बाई बहुधा तीच असते. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये, म्हणजे एका फेरीला चाळीस-बेचाळीस, असा दर ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली देशातल्या आशांचा गौरव केला, आणि पुढच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले. २०२४च्या मार्चमध्ये राज्याने महिना पाच हजारांची वाढ दिली. संपाच्या दिवसांत बाळांच्या भेटी थांबल्या असतील, हा आरोप योग्यच आहे. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच की हे काम आता ऐच्छिक उरलेले नाही, त्यावाचून व्यवस्था अडते. अडणाऱ्या कामाला सेवा म्हणून स्वस्तात राबवणे ही सेवा नव्हे, काटकसर आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गडचिरोलीचे यश बंग दांपत्याचे, ते सरकारी यंत्रणेत उतरणार नाही. नेतृत्वाचा वाटा नाकारता येत नाही. पण २००१पासून महाराष्ट्रात सात वेगळ्या संस्थांनी हीच पद्धत आपापल्या ठिकाणी वापरली, तेव्हाही नवजात मृत्युदर जवळपास निम्म्याने उतरला. म्हणजे पद्धत माणसांवर नव्हे, काही अटींवर अवलंबून आहे: रोजच्या कामाची तपासणी, न तुटणारा औषधपुरवठा आणि वर पाठवलेल्या बाळाला पाहणारे कोणीतरी. गोंदियात यातली कोणती अट कुठे सुटते ते आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाच्या भेटींत आणि उपकेंद्राच्या साठ्यात तपासता येते. त्यासाठी नव्या महात्म्याची वाट पाहायला नको.

मग खाटेशेजारी बसून गोष्ट सांगणाऱ्याला काहीच काम नाही का? आहे. कर्करोगासारख्या लांबणाऱ्या आजारात मूल महिनोन्‌महिने परगावी राहते, तिथे खेळ, शाळा आणि राहायला छप्पर या खऱ्या गरजा आहेत. मुंबईत सेंट ज्यूड्सची केंद्रे २००६पासून अशा कुटुंबांना आसरा देत आली आहेत, तेही अखेर घर ते खाट या अंतराचेच ओझे हलके करण्याचे काम. गोंदियातल्या एखाद्या महाविद्यालयाला किंवा मंडळाला मुलांसाठी वेळ द्यायचा असेल तर फळे वाटून फोटो काढण्याआधी तीन कामे उभी आहेत: रुग्णालयाच्या दारात गोंडी आणि छत्तीसगडी बोलणारे माणूस बसवणे, आजारी बाळाबरोबर आलेल्या बापाच्या जेवणाची आणि रात्रीच्या निवाऱ्याची सोय पाहणे, आणि सुट्टी झालेल्या बाळाची खबर त्याच दिवशी गावच्या आशाताईला पोचवणे. तिन्ही कामांना पैसा थोडा लागतो, नियम मात्र कडक लागतो. आज आहे आणि उद्या नाही अशी मदत आजारी बाळाच्या घराला नसलेलीच बरी. आशाताईचे काम फुकट करून देणारे स्वयंसेवक जिल्ह्याला नकोत. तिचे काम अडते तिथे हात लावणारे हवेत, आणि तिच्या मोबदल्याचा प्रश्न निघाला की सेवेचे दाखले न देता तिच्या बाजूने उभे राहणारे हवेत.