भयपटांतील हातातील कॅमेरा व मंद प्रकाश

हातातील कॅमेरा व मंद प्रकाश ही भयपटांच्या चित्रणाची एक पद्धत होय. हीत कॅमेरा ट्रायपॉडवर न ठेवता हाती धरला जातो आणि विजेरी किंवा कॅमेऱ्यावरील दिवा यांच्या तुटपुंज्या उजेडात चित्रण केले जाते. ही साधने बहुधा कथेतील पात्राच्याच हाती असल्याने, त्याला जे दिसत नाही ते प्रेक्षकालाही दिसत नाही.

द ब्लेअर विच प्रोजेक्ट

डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ दिग्दर्शित हा अमेरिकन चित्रपट (१९९९) या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण आहे. मेरीलँड राज्यातील जंगलात ऑक्टोबर १९९७ मध्ये अवघ्या आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रीकरण झाले. छायाचित्रणाचे श्रेय नील फ्रेडरिक्स यांना असले, तरी जंगलात कॅमेरे प्रत्यक्ष चालवले ते कलाकारांनीच. हीथर डोनाह्यू यांच्याकडे हाय-८ व्हिडिओ कॅमेरा, तर जोशुआ लेनर्ड यांच्याकडे १६ मिमी कृष्णधवल फिल्मचा कॅमेरा होता. मायकेल विल्यम्स ध्वनिमुद्रण सांभाळीत. दिग्दर्शक त्रोटक लेखी सूचना ठेवून दूर राहत, दिवसागणिक शिधा कमी करीत आणि रात्री तंबूभोवती आवाज करीत. त्यामुळे पडद्यावरील थकवा सर्वस्वी अभिनयाचा नाही.

अंतर दुप्पट झाले की दिव्याचा उजेड साधारणतः चौथा हिस्सा उरतो. म्हणूनच येथे जवळची पाने पांढरीफटक दिसतात आणि चार पावलांपलीकडे काहीच दिसत नाही. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. तिची जागा हा न उजळलेला भागच घेतो. डोनाह्यू कॅमेऱ्यासमोर क्षमा मागतात त्या प्रसिद्ध दृश्यात चेहरासुद्धा पूर्ण चौकटीत नाही.

हलत्या चित्रामुळे काही प्रेक्षकांना मळमळ झाली. याहून गंभीर बाब अशी, की पात्रांना कलाकारांचीच खरी नावे दिली होती आणि ते बेपत्ता असल्याचा प्रचार केला गेला. चित्रपटाने जगभरात सुमारे २४.८ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. योग्य मोबदल्याची मागणी मात्र या तिघांना २०२४ मध्येही जाहीरपणे करावी लागली.

नंतरचे चित्रपट

अनुकरण पुष्कळ झाले. त्यात कॅमेरा हलवणे म्हणजेच भय, असा समज बराच दिसतो. 'रेक' (२००७) हा स्पॅनिश चित्रपट त्याला सन्माननीय अपवाद होय. त्याच्या अखेरीस कॅमेऱ्यावरील दिवा फुटतो व उरलेले सारे केवळ रात्रदृष्टीच्या हिरवट चित्रात दिसते. तेथे कॅमेरा धरणाऱ्यालाच काय ते दिसते. शेजारी उभी असलेली वार्ताहर अंधारात चाचपडत राहते.