एकाच माणसाचे दोन रविवार



एकादशीचा नेम आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नेम म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज मात्र मी शेजारच्या अंगणातल्या एका नेमाची हकिगत सांगणार आहे. कीर्तनाला उभे राहायचे दिवस सरले, गुडघे ऐकत नाहीत, म्हणून दुपारी वाचन होते. त्या वाचनात एक स्कॉटिश गृहस्थ भेटला आणि तो मनातून हलेना.

तो नेम म्हणजे शब्बाथ. सहा दिवस काम करावे, सातव्या दिवशी विसावा घ्यावा, ही मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक. ज्यू लोक तो शनिवारी पाळतात. आपल्या कोकणात अलिबागेकडे बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

येशूही ज्यूच. त्याचे शिष्य एकदा शब्बाथाच्या दिवशी शेतातून चालले होते. भूक लागली म्हणून त्यांनी कणसे मोडून दाणे खाल्ले. परुशी नावाचे शास्त्री म्हणाले, हे निषिद्ध काम झाले. येशूने त्यांना दावीद राजाची आठवण दिली: भुकेच्या वेळी त्याने देवापुढच्या, फक्त याजकांनी खायच्या भाकरी खाल्ल्याच होत्या ना? विसाव्याचा दिवस माणसाच्या हितासाठी नेमलेला आहे, असे त्याचे सांगणे. आणखी एक प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे. अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या बाईला त्याने शब्बाथ दिवशी बरे केले. सभास्थानाचा प्रमुख रागावला. बरे व्हायला बाकीचे सहा दिवस आहेतच की! येशूने विचारले, तुम्ही आजच्या दिवशी गोठ्यातला बैल सोडून पाण्यावर नेत नाही का? शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मला हा दाखला चटकन पटला.

परंतु येथे एक सांगितले पाहिजे. ही कथा सांगताना परुश्यांना खलनायक करण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. येशूच्या आधी दीडएकशे वर्षांपूर्वी, ग्रीक राजाच्या छळातून रानातल्या गुहांत लपलेल्या ज्यूंवर शब्बाथ दिवशीच हल्ला झाला. नेम मोडू नये म्हणून त्यांनी दगडसुद्धा उचलला नाही, आणि बायकामुलांसह सुमारे हजार माणसे मेली. ते ऐकून मत्तथ्याने आपल्या लोकांसह ठरवले की हल्ला झाला तर शब्बाथातही लढायचे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा, हे पुढे ज्यू धर्मशास्त्रानेच पक्के केले. म्हणजे नेम की दया, हा वाद त्या घरातलाच होता.

ख्रिस्ती मंडळींनी पुढे येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. सन 321 मध्ये रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारी शहरातली कामे बंद करण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्याला मात्र सूट दिली, कारण पेरणीची वेळ थांबत नाही. स्कॉटलंडात सतराव्या शतकात हा नेम फार कडक झाला. 1647 साली तिथल्या चर्चने स्वीकारलेल्या धर्मजाहीरनाम्यात रविवारी कामाबरोबर करमणूकही वर्ज्य ठरली. मोकळी ठेवली ती फक्त निकडीची आणि दयेची कामे. ही दोन कामे ध्यानात ठेवा.

त्याच नेमाच्या वळणात वाढलेला एरिक लिडल. 1902 साली चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मला. धावण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली. लिडल म्हणाला, मी धावणार नाही. रविवारी होणाऱ्या सांघिक शर्यतीही त्याने सोडल्या. देशाभिमान नाही म्हणून लोक बोलले. तो बधला नाही. मग चारशे मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. जग या माणसाला ओळखते ते या रविवारमुळे.

मला त्याचा दुसरा रविवार अधिक मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी तो चीनला मिशनरी म्हणून गेला. युद्ध पेटले, बायकोमुलींना त्याने कॅनडाला धाडले, आणि 1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत कोंडले. तिथे आईबापांपासून तुटलेली शाळकरी मुले होती. तो त्यांना शिकवी, खेळवी, मोडक्या हॉकीच्या काठ्या दुरुस्त करून देई. रविवारी मात्र खेळ नाही. मुले कंटाळली, आणि एका रविवारी आपणच हॉकी खेळायला उतरली. पंच नव्हता, सामना मारामारीवर गेला. पुढच्या रविवारी मैदानात पंच म्हणून लिडल उभा होता.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरी एका एकादशीला आजारी बायकोने वैद्यांच्या सांगण्यावरून मऊ भात खाल्ला होता. मी तिला एक शब्द बोललो नाही. फक्त ताटाकडे पाहिले आणि पाठ फिरवून माजघरात गेलो. शिवी दिली असती तर बरे, असे ती पुढे एकदा म्हणाली. त्याच रात्री मी देवळात नामाच्या सुलभपणावर दोन तास निरूपण केले होते, आणि लोकांनी वाहवा केली होती. आता ती नाही.

लिडलने आपला नेम चुकीचा ठरवला नाही, मुलांना प्रवचनही दिले नाही. पदकासाठी जो रविवार त्याने सोडला नाही, तो भांडणाऱ्या पोरांसाठी सोडला. शिट्टी फुंकली आणि खेळ नीट चालवला. मेंदूतल्या गाठीने 21 फेब्रुवारी 1945 रोजी तो छावणीतच वारला. ऑगस्टमध्ये छावणीची दारे उघडली, तेव्हा ती मुले त्याच्याशिवाय बाहेर पडली.