पडल्याची गोष्ट लक्षात ठेवू या



घरातलं म्हातारं माणूस न्हाणीत घसरतं, नाहीतर दाराची चौकट कपाळाला लागते. टेंगूळ येतं, आपण हळद लावतो आणि आठ दिवसांत सगळे विसरून जातात. मग महिना-दीड महिन्यानं तेच माणूस वेगळं वागू लागतं. डोकं दुखतं, दिवसभर झोप येते, एक पाय ओढतो, शब्द सापडत नाहीत. आपण म्हणतो, म्हातारचळ लागला, नाहीतर बाहेरचं झालं. आज आम्ही या दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत, कारण ते ओळखायला डॉक्टरांनाही फार काळ लागला.

आपल्या मेंदूवर पडदे असतात. मेंदूकडून वरच्या पडद्याकडे बारीक शिरा जातात. वय झालं की मेंदू थोडा आकसतो आणि त्या शिरा ताणल्या जातात. मग साध्या धक्क्यानंही एखादी शीर तुटते. रक्त हळूहळू साचतं आणि काही आठवड्यांनी मेंदू दाबू लागतं.

कवटीला भोक पाडणं माणसाला फार आधीपासून माहीत होतं. काश्मीरमधल्या बुर्झाहोम इथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीची अशी भोकं पाडलेली कवटी सापडली आहे. पण असं रक्त का साचतं, हे कळत नव्हतं. १८५७ साली जर्मनीचे मोठे डॉक्टर फिरखो यांनी सांगितलं की पडद्याला सूज येते आणि त्यातून रक्त येतं. पुढं पन्नासहून जास्त वर्षं हेच मानलं गेलं. १९१४ साली लंडनचे सर्जन विल्फ्रेड ट्रॉटर यांनी ठामपणे मांडलं की कारण मार हेच आहे. तो मार इतका किरकोळ असतो, की माणूस विसरून जातो.

उपाय सोपा निघाला. कवटीला लहान भोक पाडून साचलेलं रक्त बाहेर काढायचं. पण रक्त कुठल्या बाजूला आहे, हे कवटी न उघडता थेट दिसत नव्हतं. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, आणि ते थेट दिसू लागलं.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला. तेव्हा आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढं मुंबईत डॉ. राम गिंडे आणि केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी हे काम उभं केलं. सरकारी मेडिकल कॉलेज औरंगाबादला १९५६ साली, नांदेडला १९८८ साली आणि आपल्या परभणीला २०२३ साली आलं.

आता मशीन आहे, डॉक्टर आहेत, १०८ ची गाडी आहे. पण आजी कधी पडल्या होत्या, हे मशीन सांगत नाही. ते त्यांना न्हाऊ घालणाऱ्या सुनेला, लेकीला माहीत असतं. म्हणून डॉक्टरांपुढं आधी तेच सांगा: कधी पडल्या, डोक्याला कुठं लागलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. दवाखान्यात पुरुषमाणूस बोलत असला, तरी तुम्ही गप्प बसू नका. वेळेवर रक्त काढलं, तर पुष्कळ माणसं पुन्हा चालती-बोलती होतात.