खिशात पैसे नसताना रात्र कुठे काढायची? गुरुद्वारा, गुहा, पुस्तकाचं दुकान आणि पुलाखालची जागा

१९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्यांमध्ये शांततेचा संदेश घेऊन जायचं, असा त्यांचा बेत होता. निघण्यापूर्वी विनोबा भावे यांनी त्यांना सल्ला दिला: सोबत पैसे घेऊ नका.

त्यामागचं कारण साधं होतं. पैसे असले की थकलेला माणूस खानावळीत जेवतो, लॉजमध्ये झोपतो आणि सकाळी पुढे जातो. पैसे नसले की कुणाचं तरी दार वाजवावं लागतं, आपण कोण, कुठून आलो हे सांगावं लागतं. त्यातूनच ओळख होते.

आज लिफ्ट मागत किंवा पाठीवर सॅक टाकून कमी पैशांत फिरणाऱ्यांपुढेही रोज संध्याकाळी हाच प्रश्न असतो. झोपायचं कुठे? त्याची उत्तरं अनेक आहेत, काही तर भलतीच वेगळी आहेत. पण जवळपास प्रत्येक उत्तरात एक गोष्ट समान आहे. 'झोपा इथे' असं म्हणणारं कुणीतरी लागतं.

गुरुद्वारा: सगळ्यांसाठी उघडं दार

भारतात बिनपैशाच्या मुक्कामाची सर्वात भरवशाची जागा म्हणजे गुरुद्वारा. मोठ्या गुरुद्वाऱ्यांना जोडून सराई, म्हणजे यात्रेकरूंसाठी निवास असतो. धर्म, जात विचारली जात नाही. लंगरमध्ये जेवण मिळतं. अमृतसरच्या सुवर्णमंदिराजवळच्या श्री गुरु रामदास निवासात जगभरातले पाठपिशवीवाले प्रवासी उतरतात. महाराष्ट्रात नांदेडचं हुजूर साहिब हे त्यातलं मोठं ठिकाण. १७०८ साली गुरु गोविंदसिंग यांचं निधन इथेच झालं.

नियम मोजके आहेत. डोकं झाकायचं, पादत्राणं बाहेर काढायची, तंबाखू आणि दारू जवळही ठेवायची नाही. मुक्काम थोडक्या दिवसांचा असतो. जमल्यास भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला हात लावायचा. ती सक्ती नाही, सेवा आहे.

गावातलं देऊळ आणि मुक्कामी एसटी

खेडेगावात मारुतीचं देऊळ, समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा या जागा रात्री रिकाम्या असतात. वारीच्या दिवसांत वाटेवरच्या गावांत याच जागांवर हजारो वारकरी झोपतात. एरवी मात्र परस्पर पथारी पसरू नये. सरपंच, पोलीस पाटील किंवा पुजारी यांना दिवस मावळण्याआधी विचारलं तर नकार क्वचित मिळतो. रात्री दहा वाजता अनोळखी माणूस दिसला, तर गाव आधी चोराचा विचार करतं.

अशा वेळी चांगली माहिती मिळते ती मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांकडून. शेवटची एसटी गावात पोचून रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे निघते. कुठे पाणी आहे, कोण जागा देईल, हे त्यांना ठाऊक असतं.

गुहा: दोन हजार वर्षांपूर्वीचा मुक्काम

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हरिश्चंद्रगड आणि रतनगडावरच्या गुहा, राजगडावरचं पद्मावतीचं देऊळ या मुक्कामाच्या जागा म्हणून परिचित आहेत. पण डोंगरातल्या गुहेत रात्र काढणं हा काही ट्रेकर्सचा शोध नाही.

जुन्नरहून कल्याण आणि सोपाऱ्याकडे जाणारा नाणेघाट हा सातवाहन काळातला व्यापारी मार्ग. घाटमाथ्याशीच खडकात कोरलेलं लेणं आहे. त्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. जुन्नर, कार्ले, भाजे, कान्हेरी ही लेणीही व्यापारी मार्गांच्या आसपासच आहेत. कान्हेरीला भिक्षूंच्या खोल्यांमध्ये झोपायला दगडी ओटे आणि बाहेर पावसाचं पाणी साठवणारी टाकी आजही दिसतात.

ही लेणी आता संरक्षित स्मारकं आहेत, तिथे मुक्काम करता येत नाही. काही गडांवरही रात्री थांबायला मनाई असते आणि नियम बदलत राहतात. त्यामुळे निघण्याआधी पायथ्याच्या गावात किंवा वन विभागाच्या चौकीवर विचारून घ्यावं. गडावर देवळात चूल पेटवली की भिंती काळ्या होतात आणि कचरा राहिला की पुढच्यांसाठी दार बंद होतं.

रेल्वे स्टेशन, पेट्रोल पंप, ढाबा

स्टेशनवरचं प्रतीक्षालय प्रवासाचं वैध तिकीट असणाऱ्यांसाठी असतं. प्लॅटफॉर्म तिकीट फक्त दोन तास चालतं, त्यावर रात्र काढता येत नाही. काही स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते. ती कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आरक्षित करता येते. स्वस्त असते, पण लवकर भरते.

महामार्गावर पेट्रोल पंप उपयोगी पडतो. रात्रभर दिवे, जागे कर्मचारी, सीसीटीव्ही आणि पिण्याचं पाणी तिथे असतं. ट्रकचालक याच कारणांसाठी पंपाच्या आवारात थांबतात. ढाब्यावर जेवलं तर खाट अनेकदा जेवणाबरोबरच मिळते. मात्र गाड्या जिथे मागे घेतात त्या जागेत किंवा उभ्या ट्रकच्या सावलीत जमिनीवर कधीही झोपू नये. अंधारात चालकाला खाली माणूस दिसत नाही.

पॅरिसमध्ये पुस्तकांच्या कपाटांमध्ये पलंग

पॅरिसमधलं 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे पुस्तकांचं दुकान जॉर्ज व्हिटमन या अमेरिकी गृहस्थाने १९५१ साली वेगळ्या नावाने सुरू केलं. भटक्या लेखकांना आणि वाचकांना तो दुकानातच झोपू द्यायचा. दिवसा बसायचे बाक रात्री पलंग होत. आतापर्यंत सुमारे ३० हजार लोक तिथे राहून गेल्याचं सांगितलं जातं. भाडं नाही, पण तीन अटी आहेत: रोज एक पुस्तक वाचा, दुकानात थोडा वेळ काम करा आणि जाण्यापूर्वी एका पानात स्वतःचं चरित्र लिहून ठेवा.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात 'बॉथी' असतात. मेंढपाळांची किंवा शेतमजुरांची सोडून दिलेली ही दगडी घरं. १९६५ साली स्थापन झालेली स्वयंसेवकांची संघटना अशा सुमारे शंभर घरांची देखभाल करते. वीज नाही, नळ नाही, कुलूपही नाही. कुणीही यावं, झोपावं आणि आलो त्यापेक्षा स्वच्छ ठेवून जावं.

पुलावर काठी का टेकवत नाहीत?

जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा आहे. ती कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या नावाने केली जाते. आख्यायिका अशी, की ओझू इथे त्यांना कुणीच आसरा दिला नाही आणि त्यांनी थंडीत एका पुलाखाली रात्र काढली. म्हणून यात्रेकरू आजही पूल ओलांडताना हातातली काठी जमिनीवर टेकवत नाहीत. खाली आचार्य झोपले असतील, त्यांची झोप मोडू नये. वाटेवर यात्रेकरूंना फुकट किंवा नाममात्र पैशांत झोपू देणाऱ्या जागाही आहेत.

कायदा काय म्हणतो?

स्वीडनमध्ये 'सार्वजनिक प्रवेशाच्या हक्का'मुळे घरांपासून लांब, मोकळ्या निसर्गात एखादी रात्र तंबू लावता येतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने तंबू ठोकण्याची मुभा आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याने उघड्यावर झोपणं गुन्हा ठरवलं होतं.

भारतात २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. झोपलेल्या आंदोलकांवर मध्यरात्री झालेल्या पोलीस कारवाईबद्दलचा तो निकाल होता. पण त्यामुळे कुठेही झोपण्याचा परवाना मिळत नाही. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यातल्या 'भीक मागण्या'च्या व्याख्येत उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणंही येतं. ओळखपत्र आणि परतीचं तिकीट दाखवणारा पर्यटक अशा कारवाईतून सुटतो. त्याच बाकावर रोज झोपणारा बेघर माणूस सुटत नाही.

जागा असते, पण कुणासाठी?

१९०१ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहान असताना भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुलांची जात कळताच कुणी गाडीत बसवेना. दुप्पट भाडं दिल्यावर एक गाडी मिळाली. रात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्यावर पोचल्यावर त्यांना प्यायला पाणीही मिळालं नाही. सोबत भरपूर अन्न होतं, पण पाण्याशिवाय ते खाता आलं नाही. मुलं बैलगाडीतच आडवी झाली. थोरल्या भावाने सुचवलं, की एका वेळी दोघांनी झोपायचं आणि दोघांनी पहारा करायचा. हा प्रसंग आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिला आहे.

संत गाडगेबाबांनी लोकांच्या देणग्यांतून गावोगावी धर्मशाळा बांधल्या, त्याला ही पार्श्वभूमी होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यातलीच. १९४९ साली त्यांनी ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

अंधार पडण्याआधी एवढं करा

- सूर्यास्तापूर्वी जागा ठरवा आणि तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी घ्या.
- ओळखपत्र, तिकीट आणि फोन सॅकमध्ये नको, अंगावर ठेवा.
- रोजचा मुक्काम घरच्या एका माणसाला कळवा. एकट्या स्त्रीने गुरुद्वारा, महिला प्रतीक्षालय किंवा कुटुंब राहतं अशा घराला प्राधान्य द्यावं.
- कोरड्या नदीपात्रात, धरणाखाली आणि पावसाळ्यात कड्याखाली झोपू नका.
- अडचण आली तर ११२, रेल्वेत असाल तर १३९.
- जागेबद्दल मन साशंक असेल, तर फुकटचा हट्ट सोडा. एका रात्रीच्या लॉजचे पैसे नेहमी वेगळे बाजूला ठेवलेले असावेत.